फेअर शब्दाची दोन घरं

नव्या पाहुण्याला गाव विचारावं, तसं आमचे तात्या इंग्रजी शब्दाला विचारत, "बाबा रे, तू कुठला? कुणाच्या घरचा?" मुरबाडच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत. नवा शब्द आला की खडू खाली ठेवून त्याची सगळी कुळकथा सांगत. त्यामुळे तालुक्यात त्यांचं नावच पडलं होतं, ‘कुळकथा मास्तर’. त्यांच्या वर्गात मुलगी एकच, ती म्हणजे मी, त्यांची थोरली लेक.

एकदा म्हशाच्या जत्रेहून परतलेल्या एका मुलानं विचारलं, "गुरुजी, जत्रा म्हंजे फेअर, गोरा म्हंजे पन फेअर, न्यायाचा म्हंजे पन फेअर. एका शब्दाला तीन-तीन धंदे कशाला?"

तात्या खुलले. "धंदे तीन, पण घरं दोन. जत्रेचा फेअर लॅटिनमधून आला, सणाच्या सुट्टीच्या शब्दावरून. दुसरा जुन्या इंग्रजीतला. त्याचा मूळ अर्थ सुंदर. सुंदर म्हणून निष्कलंक, निष्कलंक म्हणून न्यायाचा. गोरेपणा त्याला मागाहून चिकटला."

"म्हंजे काला मानूस पन फेअर व्हतो?"

"मूळच्या अर्थानं? अगदी!"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मी रंगानं काळी होते. सावळी नव्हे, काळीच.

पुढे दुसरं महायुद्ध सुरू असताना मला पाहायला कल्याणहून मंडळी आली. मुलाच्या मामांनी मला न्याहाळलं आणि मला कळणार नाही अशा समजुतीनं मुलाला इंग्रजीत सांगितलं, मुलगी फेअर नाही. मग तात्यांकडे वळून मराठीत म्हणाले, "मास्तर, धाकटी गोरी दिसते. तिला देत असाल तर आजच सुपारी फोडू."

धाकटी दाराआड रडू लागली. आता तात्या त्या शब्दाची कुळकथा सांगतील असं मला वाटलं. पण ते एवढंच म्हणाले, "पोहे गार होताहेत, घ्या. मुली मात्र द्यायच्या नाहीत. दोघीही."

पाहुणे गेल्यावर आईनं कपाळाला हात लावला. "आता हिला कोण करून घेणार?" तात्या माझ्यासमोर येऊन बसले. "तुला काय हवंय, ताई?" त्या दिवसापर्यंत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "शिकवायचंय." आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. जूनमध्ये, युद्धामुळे पेट्रोल मिळत नसल्यानं कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या मोटारीनं त्यांनी मला कल्याणला नेलं आणि मास्तरकीच्या शिक्षणासाठी पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. गाडी हलली. ते हात वर करून उभे राहिले.

शहापूरच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली. एका हिवाळ्यात तात्या तिथे आले आणि माझ्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. सापगावच्या एका मुलीनं नेमका मला न येणारा शब्द विचारला. माझी नजर तात्यांकडे गेली. ते खिडकीबाहेर पाहत होते. मी म्हटलं, "मला ठाऊक नाही गं. उद्या शोधून सांगते."

तास संपल्यावर मी ओशाळून त्यांच्यापाशी गेले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मुलांसमोर हे वाक्य म्हणायला शिकण्यात माझी अर्धी नोकरी गेली," ते म्हणाले. "तू लवकर शिकलीस."

पुढच्या श्रावणात ते गेले. एखादा शब्द शोधायला बसले की अजून त्यांचा हात पाठीवर जाणवतो.