आक्का काही चित्रात येईनात

रोज एक चित्र काढायचं ठरवलं की घरात काय साचतं? तुम्ही म्हणाल, चित्रं. चित्रं परवडली हो, ती माळ्यावर टाकता येतात. साचतात ते किस्से, आणि त्यांना ठेवायला माळा नाही. म्हणून तुम्हाला गाठलंय. बसा जरा.

मी सांगलीत एका शाळेत ड्रॉइंग टीचर आहे. दिवसभर पोरांना सफरचंद काढायला शिकवून माझाच हात गंजायला लागला, तेव्हा मी सकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन स्केचिंग सुरू केलं. एकटीनं, शांतपणे. ती शांतता फार टिकली नाही. आधी हमीदभाई आले, मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी. मग वैशाली आली, तिचं ब्युटी पार्लर आहे. शेवटी आष्ट्याहून मोटारसायकलवर रिटायर्ड सुभेदार आले. नियम एकच ठरला. कामाला जायच्या आधी घाटावर बसून एक चित्र पुरं करायचं, कसंही येवो, आणि ग्रुपवर टाकायचं. "कसंही येवो" हे मी का बोलले, याचा मला आजतागायत पश्चात्ताप होतोय.

सुभेदारांनी पहिल्याच दिवशी येण्याचं कारण सांगितलं. "मला आमच्या मंडळींचं चित्र काढायचंय, मॅडम. सगळी नोकरी बॉर्डरवर गेली, हिला कवा धड बघितलीच न्हाई. आता नीट बघून काढतो. पर तिनं सोता म्हनलं पायजे, व्हय, ही मी हाय. बस्स, दुसरं कायबी नको."

मला वाटलं, महिन्याभराचं काम. तोवर मला त्यांच्या मंडळी, म्हणजे आक्का, भेटल्या नव्हत्या.

•

सुभेदारांना म्हटलं, माणसाला समोर बसवून काढा. म्हणून एका रविवारी आम्ही सगळे आष्ट्याला गेलो. आक्का म्हणजे अशी हसती-बोलती बाई की दारातच आमची सगळी चौकशी करून मोकळ्या झाल्या. पण सुभेदारांनी पेन्सिल हातात घेतली आणि आक्कांचा चेहरा आधार कार्डावर असतो तसा झाला.

"आक्का, बोलत राहा," मी म्हटलं.

"चित्र काढताना बोलत्यात व्हय? हलंल की."

सुभेदार वैतागले. "अगं, जरा विश्राममध्ये बस की. सावधान कशाला झालीयास?"

आक्का आणखी ताठ झाल्या. वॉटरकलर वाळल्यावर त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "बरं काढलंय. पर ही माझी थोरली नणंद हाय."

"अगं, तू हायस ती!"

"मी अशी दिसती? नणंदच हाय. काय बी द्या, तिचं तोंड असंच असतंय."

सुभेदार महिनाभर माझ्यावर रुसले, जसा काही ब्रश मीच फिरवला होता. पुढं गौरीला खरी नणंद माहेरी आली. चित्र बघून खूश झाली आणि घेऊन गेली.

•

आता हमीदभाई. यांना विकतच्या रंगांचा राग. "घरात पोत्यानं रंग पडलाय मॅडम, ट्यूब कशाला आणू?" म्हणाले, आणि हळदीच्या पाण्यात डिंक घालून सुती कापडावर रंगवायला बसले. नदीवरची सकाळ काढली. पिवळं आभाळ, पिवळं पाणी, पिवळी नाव. खरं सांगते, चांगली आली होती. मी पहिल्यांदाच त्यांचं मनापासून कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी हमीदभाई तोंड पाडून आले. भाभींना ते कापड ओट्यावर दिसलं. हळदीचे डाग पडलेलं फडकं समजून त्यांनी त्याला साबण लावला. हळदीला साबण लागला की काय होतं, ते आपल्याकडं पोरांनाही ठाऊक असतं. आभाळ लालभडक झालं होतं.

"काय सांगू मॅडम," ते म्हणाले, "सकाळ काढून घरात ठिवली हुती. तुमच्या भाभीनं संध्याकाळ करून दिली."

त्यातून शहाणं व्हावं की नाही माणसानं? नाही. त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत बघितलं की रंगात मध घातला की चकाकी येते. मध कशाला, म्हणून यांनी गूळ घातला आणि उसाचा फड रंगवला. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये ग्रुपचं छोटं प्रदर्शन होतं. मी चार वेळा विचारलं, हमीदभाई, याला काही होणार नाही ना? "बेफिकीर राहा."

उद्घाटनाला आलेले पाहुणे त्या चित्रापुढं थांबले. खिशातून चष्मा काढला, लावला, वाकून बघितलं. "वा! ऊस ठीक आहे, पण मुंग्या काय हुबेहूब काढल्यात!"

हमीदभाई नम्रपणे मान झुकवून उभे. मी डोळे मिटून घेतले. मग पाहुण्यांचा आवाज आला, "पण या चाललेल्या का आहेत?"

•

सुभेदार मधल्या काळात कोळशाकडं वळले. आक्कांनी ते चित्र बघितलं आणि लगेच डोक्यावर पदर घेतला. "ह्या सासूबाई हाईत." सुभेदारांनी गुपचूप गुंडाळी केली.

मग वैशाली म्हणाली, मी करते मदत. वैशाली पार्लरमधला तारीख उलटलेला मेकअप फेकत नाही, त्यानं चित्रं काढते. फाउंडेशन, लिपस्टिक, आयलायनर, सगळं कागदावर. तिनं आक्कांना असं काही काढलं की विचारू नका. गोरा रंग, कोरलेल्या भुवया, ओठ तर टीव्ही मालिकेतल्या नायिकेसारखे. आक्का कौतुकानं बघत राहिल्या. सुभेदारांचा जीव वर-खाली होत होता.

"पोरगी लय चांगली हाय," आक्का म्हणाल्या. "कुनाची?"

•

त्यानंतर ऑइल. मी नको म्हणत होते. पण सुभेदारांना कुणी सांगितलं की मोठमोठी पोर्ट्रेट ऑइलमध्येच असतात. टर्पेंटाइनच्या वासानं आक्कांचं डोकं चढायला लागलं, म्हणून त्यांनी नवऱ्याला ईझलसकट गोठ्यात धाडलं. तिथं म्हैस पान्हा चोरायला लागली. घरात चहा काळा झाला, तरी गडी मागं हटेना.

आम्ही बघायला गेलो तेव्हा चित्र जवळजवळ झालेलं होतं. या वेळी खरोखर आक्का दिसत होत्या. मी म्हटलं, सुटलो बाबा एकदाचे. आक्का शेणाचे हात धुऊन आल्या, बघितलं, आणि त्यांचा आवाजच बदलला.

"आवं, कपाळ मोकळं? तुमी जित्तं हायसा न्हवं अजून?"

सुभेदार पार गडबडले. "कुंकू शेवटी लावणार हुतो की गं."

"शेवटी म्हंजे कवा?"

त्यांनी घाईघाईनं लाल रंग कालवला. घाईत टर्पेंटाइन जास्त झालं. कुंकू लागलं, पण ते कपाळावर थांबेना. नाकावरून ओठावर आणि ओठावरून हनुवटीवर ओघळलं.

आक्का शांतपणे म्हणाल्या, "आधी विधवा केलीसा. आता डोकंबी फोडलंसा."

त्या रात्री मला सुभेदारांचा फोन आला. नेहमीचा कडक आवाज नव्हता. "मॅडम, जमंना मला. हिला मी वळखतच न्हाई बघा." उद्या घाटावर या, एवढंच म्हटलं.

•

माझंही एक ऐका, नाहीतर म्हणाल बाई दुसऱ्यांचीच काढते. हमीदभाईंच्या वाढदिवसाला मी त्यांचं पोर्ट्रेट काढलं. साधा पांढरा कागद, खांद्यापर्यंत चेहरा, नजर जरा वर. हौसेनं ग्रुपवर टाकलं. तिथून ते कुणीतरी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर पाठवलं. आता आपल्याकडं व्हॉट्सॲपवर एखाद्याचा असा नुसता चेहरा कधी येतो? पाच मिनिटांत "भावपूर्ण श्रद्धांजली" सुरू झाल्या. कुणी लिहिलं, दिलदार माणूस गेला. कुणी लिहिलं, हळदीचा पारखी हरपला. हमीदभाईंनी ते सगळं दुकानात बसून वाचलं आणि मला स्क्रीनशॉट पाठवले, का तर कौतुकाचे होते.

एका गिऱ्हाइकानं तर दुकानातच फोन लावला. हमीदभाईंनीच उचलला.

"मी हमीद बोलतोय. मी बरा हाय."

"अल्ला का शुकर," पलीकडचा म्हणाला. "पर मी निघालोय आता. मय्यत किती वाजता हाय, तेवढं सांगा."

मी पोर्ट्रेट काढणं बंद केलंय. आता फक्त झाडं.

•

आणि मग गेल्या महिन्यात सुभेदारांचा मेसेज आला. चित्र झालंय, सगळ्यांनी या. आम्हाला जायचा अगदी कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू? वैशाली म्हणाली, या वेळी कोण निघेल, मावशी का आत्या? हमीदभाईंच्या गाडीत बसून गेलो.

सुभेदारांनी या खेपेला आक्कांना समोर बसवलंच नव्हतं. रंग नाही, ब्रश नाही. खाकी कागदावर साध्या बॉलपेननं काढलं होतं. माझं शिकवणं सगळंच बाजूला ठेवलं होतं त्यांनी, आणि मला त्याचा रागही आला.

चित्रात एसटीची खिडकी होती, रजा संपवून निघालेल्या फौजीला आतून दिसते तशी. कडेला खिडकीचे गज आणि बाहेर आष्ट्याचा स्टँड. गर्दीत एक तरणी बाई. कडेवर पोरगं, ते भलतीकडंच बघत बिस्कीट खातंय. बाई धावत आली असावी, एक चप्पल पायातून सुटून मागं राहिलीय. एक हात अर्धा वर आलाय, पुरता उचललेला नाही. चेहरा म्हणाल तर अंगठ्याएवढा. नाकडोळे चार रेघांत.

आक्का पदराला हात पुसत आल्या. त्यांनी कागद घेतला. या वेळी लांब धरला नाही की जवळ धरला नाही. नुसत्या बघत उभ्या राहिल्या. सुभेदार भिंतीला टेकून उभे होते.

"ही मी हाय," आक्का म्हणाल्या.

सुभेदार मटकन कॉटवर बसले. हमीदभाईंनी "माशाल्ला" म्हणून त्यांच्या पाठीवर थाप मारली. वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला एवढं हलकं वाटलं की मी चक्क टाळ्या वाजवल्या.

आक्कांनी त्या सुटलेल्या चपलेवरून अंगठा फिरवला आणि कागद नवऱ्याच्या हातात परत दिला.

"हे तुमी बघितल्यालं काढलंसा," त्या म्हणाल्या. "आता बस गेल्यावरचं काढा."

आणि आमच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.