फीत कापलेलं कपाट

समस्त पालक, ग्रामस्थ, आजी-माजी विद्यार्थी आणि या भागातल्या झाडून साऱ्या विद्याप्रेमी जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या हायस्कुलात रोबोटिक्सची अद्ययावत प्रयोगशाळा आहे. ती एका लोखंडी कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे आणि कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या पँटीच्या चोरखिशात आहे. प्रयोगशाळा पाहण्याची वेळ: शालेय वेळेत कधीही, कपाटाच्या बाहेरून.

हसा, खुशाल हसा. मीही हसते. हसता हसता माझ्या कानाच्या पाळ्या तापतात, ती गोष्ट वेगळी.

मी या शाळेत विज्ञान शिकवते. चामोर्शीकडून आलात तर शाळेच्या अलीकडे धानाच्या बांध्या आणि पलीकडे जंगल. कपाट आलं चंद्रपूरकडच्या एका कंपनीकडून, टेम्पोत, दोरखंडानं बांधून. त्याच्यासाठी मंडप घातला, बँड बोलावला, पोरींना लुगडी नेसवून स्वागतगीत बसवलं. कंपनीच्या साहेबांनी फीत कापली. खोली नव्हतीच, त्यामुळे फीत कपाटालाच बांधली होती, दोन दारांच्या मधोमध. साहेब भाषणात म्हणाले, "इथला विद्यार्थी आता चंद्रावर जाईल!" मी शेजारच्या बाईंच्या कानात म्हटलं, "आधी कपाटापर्यंत तरी जाऊ द्या." बाईंनी मला चिमटा काढला.

मग फोटो. आठवीतल्या एका मुलीला पुढे बोलावलं, तिच्या हातात मोटारी आणि चाकांचा खोका दिला. तिनं झाकण जरा उचलून आत डोकावलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला की फोटोवाल्यानं "वा!" केलं. वा झालं, फोटो झाला, तिच्या हातातून खोका काढून घेतला, आत ठेवला, कुलूप लावलं. पेढे वाटले.

त्यानंतर ते कपाट उघडलं नाही.

कारण म्हणे डेड स्टॉक. ज्यांनी शाळेत नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगते. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू डेड स्टॉकच्या वहीत चढते, आणि ती हरवली किंवा मोडली तर जबाबदार माणसाच्या पगारातून वसुली होऊ शकते. म्हणून आमच्याकडे वस्तू वापरायची नसते, सांभाळायची असते. मी अशा शाळा पाहिल्या आहेत जिथे पृथ्वीचा गोल प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे आणि हाडांचा सापळा पोत्यात. पोरं भूगोल आणि शरीर दोन्ही पाठ करून पास होतात.

ती आठवीतली मुलगी दर महिन्याला माझ्याकडे यायची. जंगलातल्या गावातून सायकलनं येणारी, कमी बोलणारी. प्रश्न एकच. "मॅडम, कपाट कवा उघडनार?"

मी मुख्याध्यापक सरांकडे जायची. मला राग आला की माझा आवाज फार गोड होतो. घरचे लोक तेव्हा खोली सोडून जातात. मी गोड आवाजात म्हणायची, "सर, मुलांना फक्त दाखवू या ना." सर प्रमाणभाषेचे मोठे भोक्ते. म्हणायचे, "मॅडम, शासकीय नियमांच्या चौकटीत राहून आपण निश्चितच सकारात्मक विचार करू." असा सकारात्मक विचार दोन वर्षं चालला. आठवीतली मुलगी दहावीत गेली.

त्या वर्षी नागपूरला शाळांची रोबोटिक्स स्पर्धा होती. जमिनीवरच्या काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी गाडी बनवायची, तिनं वाटेतले ठोकळे उचलायचे आणि ठरल्या जागी ठेवायचे. मुलीनं त्यासाठी आणखी चार जण गोळा केले आणि माझ्यासमोर उभी राहिली. दहावीनंतर आमच्या शाळेत वर्गच नाही. म्हणजे तिच्यासाठी हे पहिलं वर्ष आणि हेच शेवटचं. कपाट मिळणार नाही हे आता तिलाही कळून चुकलं होतं.

"तं दुसरं सामान घेऊ," ती म्हणाली.

घ्यायचं कशानं? मी पदर खोचून बाजारपेठेत उतरले. एका दुकानदारानं विचारलं, रोबोटच्या अंगावर दुकानाचं नाव येईल का? एका पुढाऱ्यानं त्याच्या वाढदिवसाला उद्घाटन ठेवायला सांगितलं आणि रोबोटनंच हार घालावा अशी सूचना केली. संस्थेच्या अध्यक्षांनी तर थेट विचारलं, "कपाट आहे ना आपल्याकडे?" मी इतक्या गोड आवाजात "हो" म्हटलं की बाहेर पडल्यावर मला स्वतःचीच भीती वाटली.

शेवटी मुलगीच म्हणाली, "आमच्या ग्रामसभेले इचारू."

तिच्या गावाच्या ग्रामसभेकडे बांबू आणि तेंदूपत्त्याचा पैसा येतो. गावानं मिळून तोडलेला, गावानं मिळून विकलेला, आणि खर्चही गावानं मिळूनच करायचा. एक सभा असते, सगळे जमिनीवर गोल बसतात. हात वर करून बहुमत वगैरे भानगड नाही. एकानंही नाही म्हटलं तर विषय पुढे जात नाही. नाही म्हणणाऱ्याला कोणी दटावत नाही, फक्त "काऊन?", म्हणजे "का?", असं विचारत राहतात, तो मोकळा होईपर्यंत.

पोरांनी गाडीचं चित्र दाखवलं. सगळे हो म्हणाले. एक म्हातारी बाई म्हणाली, "नाई."

ग्रामसभेचे अध्यक्ष म्हणजे पन्नाशीतले एक शांत गृहस्थ. त्यांनी विचारलं, "काऊन नाई, बाई?"

"मशीन घ्या. पन ठेवान कुठी?"

"शाळेत."

"म्हनून नाई. मी पाह्यलो शाळेतलं कपाट. तिथी गेलेली वस्तू वापस येत नाई." मग तिनं अट घातली. लग्नाची भांडी जिथे ठेवतात तिथेच, गोटुलात, म्हणजे गावाच्या सामायिक घरात, हे सामान ठेवायचं. भांड्यांना जो नियम तोच याला. ज्याला लागेल त्यानं न्यावं, वापरावं, धुऊन पुसून परत आणून ठेवावं. मोडलं तर सगळ्यांनी मिळून दुरुस्त करावं. कुलूप लावायचं नाही.

सगळे हो म्हणाले. म्हातारीही.

सामान आलं आणि गावानं नियम अक्षरशः पाळला. ज्याला लागेल त्यानं नेलं. एका घरच्या हळदीला गाडी मंडपात चालवली. जमिनीवर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावरून हळदीची ताटली नवरीपर्यंत नेली. पाहुण्यांनी शिट्या मारल्या. गाडी परत आली तेव्हा चाकांपासून तारांपर्यंत पिवळी. पोरांनी पेचकस घेऊन सगळी खोलली, ब्रशनं दात्यांतली हळद काढली, पुन्हा जोडली. दुपारच्या उन्हात तिला काळी पट्टी दिसेना, तेव्हा सेन्सरवर पुठ्ठ्याची झापड बसवली. ठोकळे उचलणारा प्लॅस्टिकचा पंजा कोण्या लहान पोरानं मोडला. मुलीनं घरच्या बांबूच्या कामट्या तासून नवा पंजा केला. तो प्लॅस्टिकच्यापेक्षा हलका होता आणि वाकायचा पण तुटायचा नाही. मी विज्ञानाची बाई, पण मी फक्त बघत बसायची आणि चहा प्यायची. इतकी खूष मी वर्षानुवर्षं झाले नव्हते.

आणि मग सर आडवे आले.

स्पर्धेला नाव शाळेमार्फतच द्यावं लागतं, खाली मुख्याध्यापकांची सही लागते. सर म्हणाले, "साहित्य प्रथम शाळेत जमा करा. नोंद होईल, कपाटात सुरक्षित ठेवता येईल. मग स्वाक्षरीचा विचार करू."

"सर, कपाटात ठेवलं तर सराव कशावर करायचा?"

"मॅडम, संस्थेची प्रतिष्ठा जपणे ही आपली सामूहिक जबाबदारी आहे."

मी गोड बोलायचं विसरले. त्या खोलीत मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिपाई बाहेर स्टुलावर बसला होता, तो उठून उभा राहिला एवढं सांगते. सर शांतपणे पेन खिशाला लावून बसले. नाव देण्याची मुदत आठवड्यात संपत होती. मुलगी दाराबाहेर होती. तिनं सगळं ऐकलं आणि सायकल घेऊन निघून गेली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

शनिवारी सकाळची शाळा. फाटकातून एक मेटाडोर आत आली आणि तिच्यातून गाव उतरलं. अध्यक्ष, म्हातारी बाई, संघातल्या पोरांचे आईबाप, आणखी कितीतरी माणसं. कोणी घोषणा दिली नाही, निवेदन दिलं नाही. मैदानातल्या चिंचेखाली सगळे गोल करून बसले आणि अध्यक्षांनी सरांना बोलावणं पाठवलं.

सर आले, मागून शिपाई खुर्ची घेऊन आला.

"इथी खाली बसा सर," अध्यक्ष म्हणाले. "जागा ठेवली हाय. खुर्चीवरच्या मानसाचं आम्हाले नीट ऐकू येत नाई."

सरांनी रुमाल अंथरला आणि बसले. अध्यक्षांनी विषय सांगितला: पोरांनी नागपूरला जावं, गाडी गावचीच राहावी, सरांनी सही करावी. मग एकेकाला विचारलं. आई-बापांना, पोरांना, मला, शिपायाला. शिपायानं सरांकडे न बघता "हो" म्हटलं आणि खुर्ची उचलून दूर नेली.

"सर, तुमचं?"

"नियमात बसत नाही."

"कोन्या नियमात?"

"मोडतोड झाली तर जबाबदारी शाळेवर येईल."

"मोडलं तं आमचं मोडन. तसं लिहून देतो. आता?"

"वरिष्ठांची परवानगी लागेल."

"लावा फोन. आम्ही बसलो हाओ."

वरिष्ठांना फोन लागला. वरिष्ठ म्हणाले, तुमच्या स्तरावर बघा. अध्यक्षांनी मान डोलावली. "आता काऊन नाई, सर?"

एकेक कारण असं सोलून निघत होतं आणि सर नवं कारण काढत होते. आवाज कोणाचाच चढत नव्हता, हेच मला सहन होईना. मला ओरडायचं होतं. दोन वर्षांचं साचलेलं घशाशी आलं होतं आणि ही माणसं त्या गृहस्थाला जावयासारखं विचारत होती. मी उठायला गेले तर म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"कल्ला करू नोका, मॅडम. नाई म्हननाऱ्याच्या पोटात काईतरी रायते. ते अजून निघालं नाई."

"त्यांच्या पोटात हट्ट आहे, बाई!"

"नाई. मीबी नाई म्हनलो होतो न."

शाळा सुटायची घंटा झाली. पोरं घरी गेली नाहीत, भिंतीला टेकून उभी राहिली. शाळेतली खिचडी उरली होती, ती सगळ्यांनी खाल्ली, सरांनीही खाल्ली, आणि सगळे पुन्हा आपापल्या जागी बसले. कोणी सरांना अडवलं नव्हतं. उठून गेले असते तर वाट मोकळी होती. पण इतकी माणसं त्यांच्या उत्तराची इतक्या आदरानं वाट पाहतायत, असं त्यांच्या आयुष्यात बहुधा कधी घडलं नसावं. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

आता शेवट लपवून ठेवत नाही. सरांनी त्याच चिंचेखाली मांडीवर कागद ठेवून सही केली. संघ नागपूरला गेला, दुसऱ्या फेरीत गाडीचं एक चाक निखळल्यानं बाहेर पडला. बांबूचा पंजा बघायला मात्र दुसऱ्या शाळांची पोरं आमच्या टेबलाभोवती गोळा झाली होती, आणि आमची कमी बोलणारी मुलगी त्यांना हातवारे करून तासभर समजावत होती. कपाटही उघडलं, आतल्या बॅटऱ्या पडून पडून फुगल्या होत्या.

पण माझा राग गेलेला नाही, आणि तो जाऊ देण्याचा माझा विचारही नाही. सहीच्या आधी सर जे बोलले त्यानं तो उलट वाढला. इतकी पोरं त्या कपाटाला हात न लावता शाळेतून निघून गेली, ती नियमामुळे नाही आणि पगारामुळेही नाही.

अध्यक्षांनी कितव्यांदा तरी, त्याच संथ आवाजात विचारलं होतं, "सर, खरं सांगा. काऊन नाई?" आणि दोन वर्षं माझ्याशी शासकीय मराठीत बोललेले सर, रुमालावरून अर्धे उठून, सगळ्या गावासमोर ओरडले:

"अरे, मले त्यातलं काईच येत नाई न! उघडलं आन् पोट्ट्याईनं इचारलं, तं मी काय सांगू?"