ओल्या हवेतला प्रयोग

मी तंजावर सोडलं त्या सकाळी अप्पा स्टेशनवर आले नाहीत. ओरत्तनाडूच्या ज्या शाळेत त्यांनी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं, तिथेच मला नोकरी लागली होती. ती नाकारून मी संशोधनासाठी जर्मनीला निघाले होते. अम्माने पुळिसादमचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा डबा हातात दिला. म्हणाली, "राग नाही मा त्यांना. बोलायला येत नाही." गाडी पापनाशमच्या भातशेतांमधून गेली तरी मी डबा उघडला नव्हता.

पुढे दोन वर्षं माझा फोन आला की अप्पा "जेवलीस?" एवढं विचारून तो अम्माकडे द्यायचे. आपल्या तंजावरच्या मराठी घरांतले जे माझ्यासारखे लांब गेलेत, त्यांना असे फोन माहीत असतील.

इथे मी धुळीहून बारीक कणांवर काम करते. पेटीत ठेवलेल्या एका पारदर्शक स्फटिकावर प्रकाशाची नक्षी पाडायची. जिथे उजेड पडतो तिथे स्फटिकात विद्युतक्षेत्र तयार होतं, आणि कण ओढले जाऊन त्या नक्षीत बसतात. त्यांना हात लावावा लागत नाही. पण त्या उन्हाळ्यात कण बसेनात, बसले तरी तासाभरात विस्कटत. लेझर, भिंगं, स्फटिक, सगळं मी तीनतीनदा तपासलं. शेवटी प्रोफेसरबाई म्हणाल्या, विषय बदलू या.

त्या रविवारी अम्मा तिरुवैयारूला गेली होती. फोन द्यायला अप्पांजवळ कुणी नव्हतं. काय बोलावं सुचेना, म्हणून मी त्यांना प्रयोगच सांगितला. ऐकून त्यांनी विचारलं,

"तिथे पाऊस आहे का?"

"आठवडाभर आहे, अप्पा."

"मग चार्ज टिकेल कसा? इथे ऐप्पसी महिन्याच्या पावसात काचेची कांडी घासून हात दुखायचे, कागदाचा कपटा उचलायची नाही. मुलं हसायची. मी कांडी चुलीपाशी शेकून वर्गात न्यायचो. तुझी पेटी कोरडी कर मा आधी."

हवेतली ओल मोजायचं मला सुचलंच नव्हतं. मी पेटी बंद केली, आत कोरडा वायू सोडला. कण नक्षीत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तसेच होते. मी अप्पांना फोटो पाठवला. त्यांचे उलट चार प्रश्न आले, स्फटिक किती जाड इथपासून. तेव्हापासून फोन हातात यायला अम्माला वाट पाहावी लागते.

हे मी देवनागरीत लिहितेय. आपण तंजावरचे घरात मराठी बोलतो, पण वाचतो तमिळ; आमच्या घरात देवनागरी वाचणारी एकटी अम्मा. ती तुम्हा सगळ्या घरच्यांना वाचून दाखवेल. त्यानंतर इथे जन्मलेल्या माझ्या मुलीला मराठी समजतं, उत्तर मात्र ती जर्मनमध्ये देते. तंजावरला आले की माझं तमिळही आता अडखळतं. पण प्रयोग अडला की तो मी आधी आपल्या मराठीत मांडते, मोठ्याने, समोर अप्पा बसलेत आणि पुढचा प्रश्न विचारणार आहेत असं समजून. तेवढा वेळ मी घरी असते.