हजेरीपटावरचं भविष्य

अकोल्याच्या हायस्कुलात मी चार वर्षांत एकदाही गैरहजर राहिलो नाही. यात विद्येची ओढ वगैरे काही नव्हती. मोर्णेच्या काठी आमचा भाजीपाल्याचा मळा होता आणि बाबांचा नियम साधा होता: "शाळेत नाही जात? मंग चाल मिरच्या निंदाले." शाळेत सावली होती, बाक होता आणि शेवटच्या रांगेत डोळे मिटता येत. त्यामुळे ताप असो की नदीला पूर असो, मी अकराच्या आत वर्गात. एकदा तर सुटी आहे हे ठाऊक असूनही गेलो आणि बंद दारासमोर दुपारपर्यंत बसून आलो.

आमचे वर्गशिक्षक पुण्याकडचे. गणित शिकवत. हजेरीपट आणि सहामाहीचे गुण शेजारी शेजारी मांडले की कोण मॅट्रिक होणार आणि कोण पुढे कॉलेजात चमकणार हे आधीच सांगता येतं, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यातही हजेरीला झुकतं माप. "गुण एखाद वेळी खोटं बोलतात, हजेरी कधीच नाही," असं ते म्हणत. माझे गुण तर अगदीच स्पष्टवक्ते होते. तरी मास्तरांनी मला पूर्ण हजेरीबद्दल इंग्रजी शब्दकोश बक्षीस दिला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "हा मुलगा सावकाश उजळेल."

शब्दकोश घरी आणताच आत्यानं ताब्यात घेतला. आत्या बाबांची धाकटी बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मराठी चौथीत तिची शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवरा तापानं गेल्यावर वर्षभरात ती माहेरी परतली. सकाळी बाजारात भाजी विकायची आणि संध्याकाळी माझं दप्तर उपसायची.

"आज काय शिकवलं?"

"भूमिती."

"भूमितीतलं काय?"

मी दप्तराचा बंद बांधायला लागलो.

"तू शाळेत जाऊन राहिला, का शाळा पाहून राहिला?"

मग ती स्वतःच पुस्तक घेऊन बसे. अडलं की एका कागदावर प्रश्न लिहून माझ्या खिशात घाली. मी तो दुसऱ्या दिवशी वर्गात वाचून दाखवी आणि मास्तरांनी फळ्यावर लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं उतरवून आणी. प्रश्नही मला कळत नसे आणि उत्तरही. मास्तर मात्र हरखून गेले. मुलगा उजळत होता ना! सहामाहीत मला नेहमीइतकेच गुण पडले तेव्हा ते म्हणाले, "परीक्षेत घाबरतो बिचारा."

मी मॅट्रिकच्या वर्गात गेलो त्या वर्षी आत्यानं जेवताना जाहीर केलं, "मी बी बसतो मॅट्रिकले."

बाबांचा घास हातातच राहिला. "काहून?"

"याच्यापेक्षा मले जास्त येते म्हनून."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी पुढे ओढली.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि परीक्षेचं बोर्ड नागपूरला. बाहेरून बसणाऱ्या बाईच्या अर्जावर शिक्षकाची सही लागे. आत्या मला घेऊन शाळेत आली.

"हजेरी?" मास्तरांनी विचारलं.

"मी शाळेत येतच नाही."

"मग शिकवलं कुणी?"

तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. मास्तरांनी माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्यांनी तिला एक प्रमेय घातलं. तिनं खडू घेऊन ते सिद्ध केलं आणि खाली एक शंका काढली. मास्तर फळ्याजवळ गेले.

"ही शंका तर दिवाळीनंतर यानं विचारली होती."

"विचारली त्यानं," आत्या म्हणाली. "पडली मले."

मास्तरांनी फळ्यावरचं सगळं पुन्हा एकदा वाचलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. शेवटी त्यांनी सही केली, पण सिद्धान्त सोडला नाही. "बाई, हुशार आहात. पण हजेरीशिवाय मॅट्रिक होत नाही. हा होईल."

बायकांचं केंद्र अमरावतीला होतं. बाबा तिला गाडीनं बडनेऱ्यावरून घेऊन गेले आणि पेपर संपेपर्यंत रोज दिवसभर लिंबाखाली बसून राहिले. मी अकोल्यातच परीक्षा दिली. म्हणजे तिथंही हजर राहिलो.

निकालाचा पेपर मास्तरांनी शाळेच्या ओसरीत उघडला. माझा नंबर त्यांनी तीनदा शोधला. आत्याचा लगेच सापडला, दुसऱ्या वर्गात.

मी घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "नीट सांग, पास कोन झालं?" मी पुन्हा सांगितलं. ते उठून मळ्यात गेले आणि तिथून एकट्यानं हसल्याचा आवाज आला. मला राग यायला हवा होता, पण मलाही हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर बाजारात आत्यासमोर उभे राहिले. "बाई, माझं चुकलं. पण एक सांगा, एक दिवस वर्गात न बसता हे जमलं कसं?"

"हा रोज जाये ना मास्तर. एक दिवस बी याचा खाडा नाही. म्हनून तं मले रोजचं रोज कळे, काय शिकवलं."

मास्तरांचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे हजेरी लागू पडलीच!" असं म्हणून ते खुशीत दोन शेर वांगी घेऊन गेले.

मला बाबांनी शाळेतून काढलं आणि मिरच्यांत उभं केलं. संध्याकाळी आत्या शिकवायची, आणि तिच्यासमोर झोपायची सोय नव्हती. पुढच्या वर्षी मी बाहेरून बसलो आणि तिसऱ्या वर्गात का होईना, पास झालो. त्याच उन्हाळ्यात तिला अमरावतीच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. तिथूनच तिनं बी.ए. केलं, मग नागपूरला एम.ए. ती अमरावतीला निघाली तेव्हा तिला पोचवायला मी स्टेशनवर गेलो होतो. गाडी हलली आणि माझे डोळे वाहायला लागले. खिडकीतून तिनं विचारलं, "आता काहून रडून राहिला?" मी बाहीनं डोळे पुसले आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत फलाटावर हजर राहिलो.