झाकणाच्या आतला पत्ता

आई गेल्यावर मी ठरवलं, महिनाभराचा रेल्वेपास काढून एकटीने युरोप फिरायचं. वेळापत्रकात पेन्सिलीने गाड्या जुळवून झाल्या, तशी पाठीवरची सॅक शिवून घ्यायला साकीनाक्याच्या एका शेडमध्ये गेले. तिथले काका गिरणी बंद पडल्यापासून बोटीवर जाणाऱ्या खलाशांच्या पिशव्या शिवायचे. दोऱ्यावर मेणबत्ती फिरवायचे, टाका घातला की अंगठ्याच्या नखाने दाबून बघायचे. ऑफिसात सगळ्यांनी विचारलं होतं, एकटी कशाला? काकांनी नाही विचारलं.

सॅक झाल्यावर त्यांनी पांढऱ्या कापडाची पट्टी कापली आणि बॉलपेन उचललं.

"घरचो पत्तो सांग, बाय."

"कशाला?"

"माणूस इलो नाय तरी पिशवी घराक येता."

त्यांच्या भावाची तशी आली होती, एवढंच पुढे म्हणाले.

पार्ल्याची खोली भाड्याची होती, ती सोडणार होते. मागे कोणी नव्हतं. काकांनी जरा वाट पाहिली, मग पट्टीवर शेडचाच पत्ता लिहिला आणि ती झाकणाच्या आत शिवून टाकली.

महिनाभर कुठल्याही स्टेशनावर सॅक उघडली की आधी साकीनाका दिसायचा. परत आल्यावर काकांना दाखवायला ती पाठीवर घेऊनच गेले. शेडला कुलूप होतं.

"आजारी होते, गावी गेले," शेजारचा लेथवाला म्हणाला.

"गाव कुठलं?"

त्याने आजूबाजूला चार जणांना विचारलं. पत्ता कुणाकडेच नव्हता.