एक लाख तीन

निपाणीत आमच्या गल्लीत पाहुणा आला की बाकीच्या बायका चहाचं विचारायच्या. हौसाक्का आधी गाडीचा नंबर विचारायची. मांडीवर सूप, हात विड्या वळतायत आणि तोंडानं तो नंबर फोडणं चालू. "सातानं भाग गेला की गं!" म्हणाली, की मग चहा.

शाळा तिनं बाहेरूनच बघितली. पाढे शिकली ते भावाच्या घोकंपट्टीवरून. म्हणायची, "फुटणाऱ्या लई हाईत. जी कुणालाच सारखी वाटून देता येत न्हाय, तिला धरावं." लाखाच्या पुढची अशी पहिली संख्या तिला हवी होती. एक लाख एकला अकरानं भाग गेला, एक लाख दोन तर समच. एक लाख तीन तेवढी उभी राहिली.

हायस्कुलातले गणिताचे मास्तर गल्लीतच राहायचे. ते हसले. "आक्का, एवढ्या मोठ्या संख्येला कशानं तरी भाग जाणारच. नाही गेला, तर तुमच्या नावानं वर्गात फळ्यावर लिहीन."

झालं! मी तिच्या शेजारीच विड्या वळत बसायची. मला म्हणाली, "तीनशे सोळाच्या पुढं बघायचंच न्हाय. तीनशे सतरा तीनशे सतरा येळा घेतलं की लाख तीनच्या वर जातंय. थोरल्यानं भाग जात असंल तर त्येचा धाकटा जोडीदार आधीच घावंल. आन् फुटक्यास्नी कशाला इचारायचं? न फुटणारेच घ्यायचे." ते भरले पासष्ट.

दुसऱ्याच दिवशी तिनं सूप खाली ठेवलं. "तेवीसनं भाग गेला गं. मास्तरास्नी सांगून येते, हरले म्हणून." घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा.

"थांब आक्का. मला मोठ्यानं सांग बघू."

"तेवीस-तेवीसचे कट्टे बांधले. चार हजार तीनशे सत्तेचाळीस झाले. शेवटच्यात बावीस. आन् एक घातली."

"कुठली घातली?"

ती आपल्या हातांकडं बघत राहिली. आम्हा विडीवाल्यांची रीतच ती. शेवटच्या कट्ट्याला एक कमी पडली की शेजारणीच्या सुपातली घ्यायची, उद्या परत द्यायची. तीस वर्षं तेच केलेलं, इथंही तसंच झालं.

"आगं बया! संख्येला शेजारीण कुठली!" हसता हसता तिनं डोळे पुसले.

पुढं तीनशे तेरापर्यंत कशानंच भाग गेला नाही. मास्तरांनी स्वतः पडताळलं आणि शब्द पाळला. फळ्यावर संख्या, खाली 'हौसाबाई'. ती वर्गाच्या दारातच उभी. एक पोरगी ओरडली, "आज्जी, तीननं जातोय!"

"आकड्यांची बेरीज कर गं. एक आन् तीन चार. चाराला तीननं भाग जातोय व्हय?"

पुढं काही वर्षांनी खोकल्यानं तिला अंथरुणाला खिळवलं. मधल्या सगळ्या फुटल्या म्हणून तेव्हा तिनं एक लाख एकोणीस धरली होती. एकदा धाप लागली तशी माझ्या हातात कागद दिला. "दोनशे अकरापातूर झालंय. फुडचं बघ की गं."

ती गेली, पाहुणे पांगले, मग मी बसले. उरलेले अठरा भागाकार, मला महिना लागला. शेवटचा संपला तेव्हा विड्या वळता वळता तोंडातनं निघूनच गेलं, "न्हाय फुटत, आक्का!"

शेजारी बसणारी नवीन सूनबाई दचकली. "कोण न्हाय फुटत, काकू?"

मग तिला पहिल्यापासून सांगायला घेतलं.