मोड, जुनी

सराफाच्या पेढीवर वही लिहिणाऱ्या त्या माणसाला सगळे वहीबहाद्दर म्हणत. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, हा त्याचा बाणा. रकाना भरायचा कशाने, ते मात्र विचारू नका.

कायदा सरळ होता. जुना दागिना घेताना विकणाऱ्याचं ओळखपत्र पाहा, दागिन्याच्या खुणा लिहा, सात दिवस वितळवू नका, संशय आला तर पोलिसांना कळवा. बहाद्दराने वीस वर्षांत कायदाच वळणावर आणला होता. ओळखपत्रापुढे ‘ओळखीचा’. वर्णनापुढे ‘मोड, जुनी’. संशयापुढे ‘नाही’. आतून कारागीर वजन ओरडे, हा मान वर न करता लिही, आणि संध्याकाळी सोनं मुशीत. चोरांनाही याहून चांगला माणूस मिळाला नसता.

एकदा एक म्हातारी चोरीला गेलेली अंगठी शोधत आली. “आजी, सोन्याला नाव नसतं,” तो म्हणाला. सगळी पेढी हसली.

परवा त्याची थोरली बहीण आली. घर फोडून कुणीतरी तिच्या लेकीचं लॉकेट नेलं होतं. लेक दोन वर्षांची होऊन तापाने गेलेली. दात येताना तिने लॉकेटची कड चावून चेपली होती. तेवढीच तिची खूण उरली होती.

“सोनं गेलं तर जाऊ दे रे. मला ते दात हवेत.”

लॉकेट या मामानेच भाचीला घडवून दिलेलं. वजन तोंडपाठ होतं. त्याने वही उघडली. शनिवार. मोड, जुनी. चार ग्रॅम दोनशे. ओळखीचा. अक्षर कसं मोत्यासारखं!

तो धडपडत आत गेला. “शनिवारचं लॉकेट?”

“त्याच दिवशी वितळवलं की,” कारागीर म्हणाला. “सात दिवस थांबू नकोस, असं तुम्हीच सांगितलंत.”

तो बाहेर आला तेव्हा मालक ताईची समजूत घालत होता. “काय करणार ताई, सोन्याला नाव नसतं. तुमच्या भावाचंच वाक्य हं हे!”

ताई हसली नाही. “इथे आलं असतं तर याने दातांवरून ओळखलं असतं. वहीत लिहून ठेव रे. कधी आलं तर असू दे.”

बहाद्दराने पेन उचललं.

“किती दात?”

“वरचे दोन, खालचे दोन.”

त्याने लिहिलं. वीस वर्षांत त्या वहीत एवढं खरं वर्णन कुणी लिहिलं नव्हतं. ताई त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

मालकाने पान पाहिलं. “चोरीचा माल म्हणून हे पोलिसांना कळवत बसायचं का आता? खोड ते.”

बहाद्दराने पट्टी घेतली आणि सरळ रेघ मारून खोडलं.